मे महिन्यातला व्हॅक्यूम आणि माणशी दोन टन

बाहेरच्या माणसाला हे पटकन पटत नाही, पण ऊन वाढलं की तेवढ्याच विजेला आम्हाला कोळसा जास्त लागतो. भुसावळकडे औष्णिक केंद्रात कंट्रोल रूमच्या डेस्कवर असतो मी, ५०० मेगावॅटचं युनिट, म्हणजे बॉयलर-टर्बाइनचा एक संच. टर्बाइन फिरवून आलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन पाणी होते, ती जितकी थंड तितका व्हॅक्यूम, म्हणजे आतली निर्वात पोकळी, चांगला आणि टर्बाइनला तेवढ्याच वाफेतून जास्त जोर. पण कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट यायला लागलं की व्हॅक्यूम पडतो, हीट रेट, म्हणजे एक युनिट विजेला लागणारी उष्णता, चढतो, मग घाला कोळसा.

त्या दिवशी पारा ४६ च्या वर होता. दुपारी सोलर भरपूर म्हणून लोड डिस्पॅचने, म्हणजे कुणी किती वीज बनवायची ते ठरवणाऱ्या केंद्राने, आम्हाला ५५ टक्क्यांवर उतरवून ठेवलेलं, आणि ऊन कलल्याबरोबर चढवा म्हणून फोनवर फोन. कोळसा दळणारी एकेक मिल लावायची, बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची लेव्हल हलू द्यायची नाही, टर्बाइनला जाणाऱ्या वाफेचं टेम्परेचर धरून ठेवायचं, हे काम ज्याने केलंय त्यालाच कळतं, आणि आमच्या पोरांनी ते फार सुंदर केलं. युनिट फुल लोडला गेलं पण व्हॅक्यूम काही वर येईना.

थोडी उसंत मिळाल्यावर वाद पेटला. नवीन ट्रेनी इंजिनिअर म्हणे भारत कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात जगात तिसरा, हे बंदच व्हायला पाहिजे. आमचे सीनियर उसळले, अरे माणशी बघ ना, आपलं वर्षाला दोनेक टन, अमेरिकेचं चौदाच्या आसपास, आधी त्यांना सांग, आपण २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य, करायचा शब्द दिलाय ग्लासगोच्या हवामान परिषदेत. मी सीनियरच्या बाजूचा. ज्यांनी शंभर-दीडशे वर्षं कोळसा जाळून घरं भरली त्यांनी आपल्या पंपाच्या विजेवर बोट ठेवू नये, हे माझं आजही ठाम मत आहे.

तेवढ्यात रावेरहून केळीवाल्या मामांचा फोन. "भो, केयी मान टाकू राह्यली, लाइट कधी येईल तेवढं सांग." वीज सोडणं माझ्या हातात नाही हे त्यांनाही माहीत आहे, तरी विचारतात, कारण घरातला विजेवाला मीच.

फोन ठेवून मी हिशोब करत बसलो. फुल लोडला तासाला तीनशेच्या वर टन कोळसा जातो. हीट रेट नुसता १ टक्का बिघडला तर तीनेक टन जादा, म्हणजे चार टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीनियर ज्या दोन टनांवर भांडत होते तसा दोन माणसांचा वर्षाचा वाटा आम्ही एका तासात उडवतो आणि त्यात कोणाला एक युनिट वीज जास्त मिळत नाही. मामांनाही नाही. ह्याला विकास कसा म्हणायचा? उन्हाचं आपण काही करू शकत नाही मान्य, पण कंडेन्सरच्या ट्यूबमध्ये बसलेला, वाफ थंड होऊ न देणारा थर तर काढता येतो ना. ते काम मागितलं की उत्तर ठरलेलं, डिमांड उतरू द्या, युनिट दुरुस्तीला बंद होईल तेव्हा बघू. मोठ्या मीटिंगांत नेट झिरोच्या स्लाइड दाखवणारी माणसं ट्यूब क्लीनिंगचा विषय निघाला की घड्याळ बघतात, ह्याचा मला फार राग येतो.

सीनियरना हिशोब दाखवला. ते म्हणाले, बरोबर आहे, पण हे त्या पोरासमोर बोलू नको. मी बोललो. आता दोघंही माझ्याशी नीट बोलत नाहीत, आणि व्हॅक्यूम अजून तिथंच आहे.