तुम्ही विचारलंत म्हणून : अक्षरं कशाला मोजायची?

"बोटांवर अक्षरं मोजत बसलं की अभंगातला भाव उडून नाही का जात?" मी मराठी शिकवते, त्यामुळे हे मला मुलं विचारतात, पालक विचारतात, भजनातल्या काकूही विचारतात.

माझा अनुभव उलटा आहे. तुकोबांचा 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' लहानपणापासून पाठ होता. तो खरा ऐकू आला, तो मोजायला लागल्यावर.

हा 'मोठा अभंग', म्हणजे अभंग छंदाचा एक प्रकार. त्याच्या कडव्यात चार चरण. पहिले तीन सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. लघु-गुरू, म्हणजे अक्षर ऱ्हस्व की दीर्घ, हे बघायचं नाही. जोडाक्षर एकच धरायचं. 'आकाश मंडप । पृथिवी आसन । रमे तेथें मन । क्रीडा करी.' आता 'पृथिवी'च्या जागी 'पृथ्वी' म्हणून बघा. एक अक्षर गेलं आणि ओळ लंगडली.

मग पहिल्याच ओळीत 'सोयरीं वनचरें' सात अक्षरं कशी? मुलं हे हटकून पकडतात, आणि मला फार आनंद होतो. तुकोबा चुकले नाहीत. 'वनचरें'तला 'न' आपण बोलताना अर्धाच उच्चारतो. कानाला सहाच भरतात. पुढे 'वास' आणि 'दोष' हे यमकही सैलच आहे, स्वर जुळत नाही. अभंगाला ते चालतं. तो तोंडानं म्हणायचा, गळ्यानं गायचा छंद आहे.

पण मला थांबायचंय ते शेवटच्या कडव्यापाशी. 'तुका म्हणे होय । मनासी संवाद । आपुला चि वाद । आपणांसी.' यमक कशाचं जुळलंय बघा : संवाद आणि वाद. 'संवाद'च्या पोटातच 'वाद' आहे, आणि यमकाच्या जागी आल्यामुळे तो कानावर आपटतो. झाडं, पाखरं, आकाश, वारा, एवढा सगळा गोतावळा जमवून एकांतात बसलेला माणूस शेवटी भांडतो स्वतःशीच. त्यानंतर चौथा चरण येतो तो एकाच शब्दाचा, 'आपणांसी'. कान सहा अक्षरांना सरावलेला असतो, मिळतात चारच. उरलेली दोन अक्षरांची जागा भजनात स्वर लांबवून भरतात. वर्गात वाचताना मी ती तशीच रिकामी ठेवते.