थाई भाषेला व्याकरण नसते का?

मी घरच्या घरी, शिक्षकाशिवाय थाई भाषा शिकते हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. शब्द थोडेफार बदलतात, पण आशय असा असतो: थाईला म्हणे व्याकरणच नाही, लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही, काळही नाही, मग तुम्ही इतकी वर्षे शिकता तरी काय? बँकॉकची सहल करून आलेले विचारतात, मोबाइलवर चार धडे करून पाहिलेलेही विचारतात. शाळेत मराठी व्याकरण शिकवण्यात माझा बराच काळ गेला असल्यामुळे हा प्रश्न मला मनापासून आवडतो, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देऊन मोकळे होणे मला पटत नाही.

प्रश्नातला निम्मा भाग खराच आहे. 'किन' म्हणजे खाणे. मी खाल्ले, ती खाते, ते खातील, तुम्ही खा, या सगळ्यांत 'किन' हा शब्द तसाच राहतो. त्याला ना शेपूट लागते, ना तो आतून बदलतो. नामाचेही तसेच, एक घर असो की दहा, 'बान' तो 'बान'च. मराठीत मात्र आपण व्याकरण म्हणून जे शिकतो ते मुख्यतः प्रत्ययांत असते, आणि प्रत्यय अर्थ धरून ठेवतात म्हणूनच आपल्याला शब्दांची जागा हवी तशी बदलता येते. 'मांजराने उंदीर मारला' आणि 'उंदीर मांजराने मारला', दोन्हींत मेला तो उंदीरच. थाईत ही मोकळीक नाही. तिथे कर्ता आधी, मग क्रियापद, मग कर्म. ही जागा हलली की मारणारा आणि मरणारा यांची अदलाबदल होते. विभक्तीचे काम तिथे जागा करते, काळाचे आणि अर्थाचे काम लहान लहान शब्द करतात, आणि त्या लहान शब्दांनाही आपापली जागा असते. थाईचे व्याकरण शिकायचे म्हणजे ही जागा शिकायची.

याचे सर्वांत चांगले उदाहरण 'दाइ' या शब्दाचे आहे. त्याचा मूळ अर्थ मिळणे. 'पाइ' म्हणजे जाणे आणि 'माइ' म्हणजे नाही. आता 'माइ पाइ' म्हटले तर अर्थ होतो जात नाही किंवा जाणार नाही. 'माइ दाइ पाइ' म्हटले तर गेले नाही. आणि तेच तीन शब्द 'पाइ माइ दाइ' असे मांडले तर जाता येत नाही. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तके यातल्या एका 'दाइ'ला भूतकाळाचे चिन्ह म्हणतात, दुसऱ्याला शक्यतेचे, आणि शिकणाऱ्याच्या माथी दोन वेगळे नियम मारतात. मराठी माणसाने असे करण्याची गरज नाही, कारण 'जायला मिळाले' ही रचना आपल्याकडे आहे आणि 'दाइ पाइ'चा अर्थ जवळजवळ तोच आहे. मिळणे क्रियेच्या आधी आले तर ती क्रिया घडण्याची संधी मिळाली. क्रियेनंतर आले तर ती क्रिया साधली. दोन्हीकडे 'माइ' हा 'दाइ'च्या आधीच येतो.

हीच गोष्ट पुढे आणखी स्पष्ट होते. 'मॉङ' म्हणजे पाहणे आणि 'हेन' म्हणजे दिसणे. 'माइ मॉङ' म्हणजे पाहत नाही. पण 'मॉङ माइ हेन' म्हणजे पाहूनही दिसत नाही. 'नॉन' म्हणजे अंथरुणावर पडणे, 'लप' म्हणजे झोप लागणे. 'नॉन माइ लप' म्हणजे पडले आहे, पण झोप लागत नाही. नकार पहिल्या क्रियेआधी आला तर क्रियाच नाकारली जाते, दोन क्रियांच्या मध्ये आला तर क्रिया होते पण फळ मिळत नाही. पाहणे आणि दिसणे, ऐकणे आणि ऐकू येणे, शोधणे आणि सापडणे हा भेद मराठीच्या अगदी हाडीमांसी आहे. आपण तो 'मला दिसत नाही' असे म्हणून, कर्त्याला चतुर्थीत बसवून दाखवतो. थाईने तोच भेद नकाराच्या जागेने दाखवला आहे. हे मला ज्या दिवशी नीट उमगले, त्या दिवसापासून थाईला व्याकरण नाही हे वाक्य मला ऐकवेनासे झाले.

म्हणूनच स्वतः शिकणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे असते की इंग्रजीच्या वाटेने थाईकडे जाऊ नका. मराठीतून थेट जा. 'किन दू' म्हणजे शब्दशः खा-बघ, आणि अर्थ आहे खाऊन बघ. 'खिअन हाइ' म्हणजे लिही-दे, अर्थात लिहून दे. 'आव मा हाइ' म्हणजे घे-ये-दे, अर्थात आणून दे. एका क्रियापदाला दुसरे क्रियापद जोडून अर्थाला छटा देण्याची सवय दोन्ही भाषांना आहे. फरक इतकाच की आपल्या मधल्या 'ऊन'ला तिथे जागा नाही. मी वहीत प्रत्येक वाक्य तीन ओळींत लिहिते: पहिल्या ओळीत थाई वाक्य, दुसऱ्या ओळीत त्याच क्रमाने एकेका शब्दाखाली मराठी शब्द, आणि तिसऱ्या ओळीत आपण खरोखर बोलू तसे मराठी वाक्य. दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी ठेवून वाचली की नियम आपोआप दिसू लागतात.

नामांच्या बाबतीत मात्र मराठी सवय पूर्ण उलटी करावी लागते. 'माझ्या मित्राच्या घराचे दार' हे थाईत 'प्रतू बान फ्युअन फोम' असे होते, म्हणजे दार-घर-मित्र-मी. ('फोम' हे पुरुष स्वतःसाठी वापरतात.) आपला क्रम अगदी शेवटापासून वाचला की त्यांचा क्रम मिळतो. विशेषण नामानंतर, 'हा' आणि 'तो' नामानंतर, आणि आपण ज्याला 'काल आलेला माणूस' म्हणू तिथे आधी माणूस आणि मग त्याचे येणे. सुरुवातीच्या काळात मी लांब वाक्ये शेवटून मागे वाचत असे आणि अजूनही अवघड वाक्याला तोच उपाय करते.

काळाविषयी थोडेच सांगते. 'लॅव' हा शब्द वाक्याच्या शेवटी आला की पुस्तके त्याला भूतकाळ म्हणतात, पण ते पुरेसे नाही; तो एखादी स्थिती आता आली आहे, एवढेच सांगतो. घरातून निघताना थाई माणूस 'पाइ लॅव न' असे म्हणतो, तेव्हा तो अजून उंबरठ्यातच असतो. आपणही तशा वेळी 'निघाले हं' असे भूतकाळातच म्हणतो. 'किन खाव लॅव रू यङ' म्हणजे जेवलात की अजून नाही, हे तर तिथे कोणीही कोणालाही सहज विचारते, आणि नुसते 'यङ' म्हटले की 'अजून नाही' हे उत्तर पूर्ण होते.

मोजण्याच्या शब्दांना मात्र वेळ द्यावाच लागतो. 'नङसू सॉङ लेम' म्हणजे पुस्तक-दोन-लेम. 'लेम' हा पुस्तकांसाठीचा मोजशब्द आहे आणि तो सुऱ्यांनाही चालतो. जनावरांना 'तुआ', गाड्यांना आणि छत्र्यांना 'खन', माणसांना 'खोन'. मराठीत 'तीन जण', 'चार जणी', 'पाच नग' असे आपण म्हणतोच, पण थाईत यातून सुटका नाही. बौद्ध भिक्षूंना 'रूप' लावतात, बुद्धमूर्तींना आणि राजघराण्यातल्या व्यक्तींना 'ओङ', जो आपला 'अंग' आहे. पाळलेल्या हत्तीचा मोजशब्द वेगळा आणि रानातल्या हत्तीचा वेगळा. हे शब्द नुसत्या मोजणीपुरते नसतात. 'हे पुस्तक' म्हणतानाही 'नङसू लेम नी' म्हणतात, आणि समोर पुस्तक असेल तर 'लेम नी' एवढेच पुरते. म्हणून प्रत्येक नाम पाठ करताना त्याचा मोजशब्द बरोबरच पाठ करावा, जसे आपल्या मुलांना नामाबरोबर लिंग कानावर पडते.

आता पारिभाषिक शब्दांविषयी, कारण मराठी माणसाला इथे फार मोठा आधार वाटतो आणि थोडी दिशाभूलही होते. थाईत व्याकरणाला 'वाइयाकॉन' म्हणतात. नाम म्हणजे 'नाम', सर्वनाम म्हणजे 'सप्फनाम', क्रियापद म्हणजे 'क्रिया', कर्म म्हणजे 'कम'. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रया उपकित सिल्पसान या वैयाकरणांनी थाई व्याकरणाची जी मांडणी केली, तिचे चार भाग अक्षरविधी (अक्षरे व लेखन), वचीविभाग (शब्दांचे प्रकार), वाक्यसंबंध (वाक्यरचना) आणि छंदलक्षण (छंद) या अर्थाच्या शब्दांनी ओळखले जातात, आणि शाळेतल्या शिक्षणावर तिचा ठसा दीर्घकाळ राहिला. शब्द आपल्या ओळखीचे असल्यामुळे आतली भाषाही ओळखीची असेल असे वाटते. पण पाली-संस्कृतातून आलेली ही नावे एका वेगळ्या घडणीच्या भाषेला दिलेली आहेत. 'विसेत' म्हणजे विशेषण, असे पुस्तक सांगते. प्रत्यक्षात त्यात आपली क्रियाविशेषणेही येतात. शिवाय थाई विशेषण पुष्कळदा क्रियापदासारखे वागते. 'बान याइ' म्हणजे मोठे घर, आणि 'बान याइ' म्हणजेच घर मोठे आहे. मध्ये 'आहे' लागत नाही, आणि नकार करायचा तर क्रियापदाप्रमाणेच 'माइ याइ' म्हणायचे. म्हणून ही नावे खुणेपुरती वापरावीत आणि नियम वाक्यांतून काढावेत.

या सगळ्याआधी लिपी शिकावी असे माझे ठाम मत आहे. थायलंडच्या अधिकृत रोमन लेखनात स्वरांची लांबी दिसत नाही आणि सूरही, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतारही, दिसत नाहीत. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ आणि त-थ, प-फ हे भेद उत्तम दाखवता येतात, पण सूर तीही दाखवत नाही, आणि वर मी लिहिलेल्या 'खाव' या अक्षरांतून भात, पांढरा आणि बातमी हे तीन वेगळे शब्द सुरांनुसार निघू शकतात. थाईत पाच सूर आहेत आणि 44 व्यंजने उच्च, मध्य आणि नीच अशा तीन गटांत वाटलेली आहेत. शब्दाचा सूर ठरवताना हा गट पाहावा लागतो, आणि कोणते अक्षर कोणत्या गटात, हे पाठ करताना जगभरचे विद्यार्थी थकतात. मराठी माणसाला मात्र वर्णमालाच त्याची किल्ली देते. प्रत्येक वर्गातले पहिले व्यंजन, म्हणजे क, च, ट, त, प, मध्य गटात; दुसरे, म्हणजे ख, छ, ठ, थ, फ, उच्च गटात; आणि मृदू व्यंजने व अनुनासिके, म्हणजे ग, घ, ङ आणि त्यांचे जातभाई, नीच गटात. श, ष, स उच्च, तर य, र, ल, व नीच. आज थाईत 'ग'च्या जागचे अक्षर 'ख' असेच उच्चारले जाते, पण ते कधीकाळी मृदू होते ही आठवण त्याच्या सुराने जपून ठेवली आहे. थाईने स्वतःच्या ध्वनींसाठी घातलेली काही अक्षरे तेवढी वेगळी लक्षात ठेवावी लागतात. त्यांच्या वर्णमालेत 'ह'नंतर 'ळ'सुद्धा आहे, आपल्यासारखाच. आता त्याचा उच्चार 'ल' होतो. मी पाली शिकत असताना थाई लिपीत छापलेले त्रिपिटकाचे पान पाहिले होते, आणि ह्याच क्रमामुळे मला ती लिपी परकी वाटली नाही.

संबोधनांत आपण घरच्यासारखे वावरतो. वडीलधाऱ्याला नावाने न हाकारता नात्याने हाकारणे, भाजीवालीला मावशी म्हणणे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तिथे वयाने थोड्या मोठ्याला 'फी' आणि लहानाला 'नॉङ' म्हणतात आणि हेच शब्द 'मी' व 'तू' यांच्या जागीही येतात. वाक्याच्या शेवटचा 'न' आपल्या 'ना'च्या फार जवळचा आहे, आणि 'किन सि' म्हणजे आपले 'खा की'.

सध्या माझ्या वहीची बरीच पाने 'को' या एका शब्दाने भरलेली आहेत. 'छन को पाइ' म्हणजे मीही जाते. 'था फोन तोक छन को माइ पाइ' म्हणजे जर पाऊस पडला, तर मी जाणार नाही. 'ख्राइ को रू' म्हणजे कोणालाही माहीत आहे. 'ख्राइ' म्हणजे कोण, आणि आपणही 'कोण'ला 'ही' जोडूनच 'कोणीही' घडवतो. एकाच शब्दाने आपल्या 'ही'चे आणि 'तर'चे काम केलेले पाहून पहिल्यांदा गोंधळ होतो, पण या वाक्यांत त्याची जागा पाहा: कर्त्यानंतर आणि क्रियेच्या लगेच आधी, नकार असेल तर त्याच्याही आधी. कर्ता गाळला तरी तो क्रियेला सोडत नाही. 'अराइ को दाइ', म्हणजे 'काहीही चालेल', या रोजच्या वाक्यातसुद्धा तो 'दाइ'च्या आधीच बसलेला आहे.