नोंद दहावी: वजन ७९, बारा मिनिटांत १,७९० मीटर

मंडळी, आधी आकडे देते, मग बाकीचं बोलू.

फेब्रुवारीत सुरुवात केली तेव्हा वजन ८१ होतं, आज ७९. उंची १५८ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) ३२.४ वरून ३१.६. कंबर ९७ सेंटीमीटर होती, आता ९२. सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी ८४ होती, गेले तीन आठवडे ६२ ते ६४ च्या मध्ये आहे. बारा मिनिटांच्या धावण्याच्या चाचणीत तेव्हा १,४८० मीटर झाले होते, परवाच्या रविवारी १,७९०.

या सगळ्यांतला एकच आकडा लोक विचारतात. ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत: "एवढी पळतेस, आणि दोनच किलो?" मला याचा राग येत नाही, पण उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून या वेळची नोंद त्यासाठीच. वजन आणि दम ही दोन निरनिराळी खाती आहेत. एकात भरलेलं दुसऱ्यात लगेच दिसत नाही, आणि दहा महिने मी दुसऱ्या खात्यात भरतेय.

आधी चाचणी. ती नेहमी प्रियदर्शिनी पार्कातच देते, कारण तिथला ट्रॅक ४०० मीटरचा आहे आणि मोजमापात घोळ होत नाही. शिवाजी पार्कचा कट्टा रोजच्या फेऱ्यांसाठी छान, पण तिथे कुत्री, क्रिकेटची पोरं आणि ओळखीपाळखीची माणसं मध्ये येतात. घड्याळ बाबांकडे. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. सुरू करताना ते स्टीलच्या बाटलीवर नाणं दोनदा वाजवतात, टिंग टिंग. डबल बेल, गाडी सोडा. संपली की एकच.

पहिली फेरी मी दर वेळी जोरात घेते आणि तिसरीत त्याची किंमत मोजते. या वेळी पहिली फेरी मुद्दाम २ मिनिटं ४५ सेकंदांची केली. दुसऱ्या फेरीत समुद्राकडच्या वळणावर वारा तोंडावर येतो, तिथे खांदे कानापर्यंत चढतात. ते खाली सोडले की श्वास आपोआप लांबतो, हे मला सप्टेंबरात कळलं. चौथी फेरी संपली तेव्हा मिनिटभरापेक्षा थोडा जास्त वेळ उरला होता. तिथून पुढे मोजायला डोकं जागेवर नव्हतं. पिंडऱ्या दगड झाल्या होत्या, तोंडात तांब्याची चव. नाणं वाजलं तेव्हा मी पाचव्या फेरीत १९० मीटरवर होते. तिथे गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले आणि बाबा काठी टेकत माझ्याकडे यायला निघाले. ते पोचेपर्यंत मला पूर्ण वाक्य बोलता येत होतं. फेब्रुवारीत दहा मिनिटं बसून राहावं लागलं होतं.

नव्या मंडळींसाठी: ही चाचणी केनेथ कूपर या अमेरिकन हवाई दलाच्या डॉक्टरची, १९६८ सालची. बारा मिनिटांत जितके मीटर जाल त्यातून ५०४.९ वजा करायचे, ४४.७३ ने भागायचं. येणारी संख्या म्हणजे शरीर किलोमागे मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा अंदाज. माझे २१.८ वरून २८.७ झाले. सूत्र तरुण सैनिकांवर बेतलेलं असल्यामुळे चव्वेचाळिशीच्या बाईला ते ढोबळच लागू पडतं, पण स्वतःची स्वतःशी तुलना करायला पुरतं.

आता या संख्येतली एक गोष्ट जड माणसांनी लक्षात घ्यावी. ती किलोमागे आहे. म्हणजे शेवटी आपल्या वजनानं भागलेली. भागायच्या आधीचा आकडा काढला तर मी पूर्वी मिनिटाला पावणेदोन लिटर ऑक्सिजन वापरत होते, आता सव्वादोन लिटर. तो अर्धा लिटर कुठून आला? हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागलं, म्हणून तर विश्रांतीची नाडी उतरली. स्नायूंत केशवाहिन्या वाढल्या, पेशींमधल्या ऊर्जेच्या भट्ट्या वाढल्या. यातलं काहीही वजनकाट्यावर उमटत नाही. काटा हाडं, पाणी, चरबी, स्नायू सगळं एकाच तागडीत टाकतो.

बाबांचं काम आणि हा विषय यांचं नातं मला या वर्षीच वाचताना कळलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. १९५३ मध्ये लंडनच्या जेरी मॉरिस या डॉक्टरनं तिथल्या बसवाल्यांचा अभ्यास छापला. डबलडेकरचा ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावर. पगार, वस्ती, खाणं साधारण सारखंच. हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त, कंडक्टरांत कमी. लोकांनी शंका काढली की जाडे लोक आधीच ड्रायव्हरकीकडे जात असतील. मग मॉरिसनं गणवेशाच्या पॅन्टींची कंबरेची मापं काढली. ड्रायव्हरांच्या कंबरा खरंच मोठ्या होत्या. पण पुढे बघितलं तर कंडक्टर सडपातळ असो, मध्यम असो की पोट सुटलेला, अचानक हृदय बंद पडून मरण्याचा धोका त्याला ड्रायव्हरपेक्षा कमीच होता.

बाबा नव्वद किलोचे होते. खाकी शर्टाची बटणं पोटावर ताणलेली, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात पंच. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी बसायचे आणि ते चालत्या गाडीत त्या वळणाच्या जिन्यानं किती वेळा वर-खाली करायचे ते मोजायचे. दम लागलेला मी त्यांना कधी पाहिला नाही. निवृत्त झाले, जिना सुटला, आणि वजन जवळपास तेवढंच असताना दोन-तीन वर्षांत दादर स्टेशनचा पूल चढताना मध्ये थांबायला लागले. एका माणसाच्या गोष्टीवरून सिद्धांत मांडता येत नाही, ठाऊक आहे. पण माझ्या मनात "जाड पण दमदार" म्हणजे काय याचं चित्र तेच आहे.

मोठ्या प्रमाणावरचे अभ्यासही आहेत. डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटमध्ये स्टीव्हन ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी हजारो लोकांना ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालवून दमसास मोजला आणि पुढे वर्षानुवर्षं कोण दगावलं त्याची नोंद ठेवली. १९९९ मध्ये सुमारे २२ हजार पुरुषांचे आकडे आले: बारीक पण दमसास नसलेल्यांचा धोका जाड पण दमसास असलेल्यांपेक्षा जास्त होता. ब्लेअर स्वतः जाड होते आणि अनेक दशकं रोज धावत होते.

इथे थांबलं तर मजा आहे, पण ते खरं होणार नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एक लाखाहून जास्त परिचारिकांचा २४ वर्षांचा हिशेब आला. बारीक आणि चळवळ्या बायकांचा मृत्यूचा धोका १ धरला, तर बारीक पण बैठ्यांचा १.५५, स्थूल पण चळवळ्यांचा १.९१, स्थूल आणि बैठ्यांचा २.४२. म्हणजे हालचालीनं फायदा नक्की झाला, पण वजनाचं देणं पुसलं गेलं नाही. दोन अभ्यासांत फरक का पडतो, यावर मी बराच विचार केला. एक कारण मला पटतं: डॅलसमध्ये दमसास यंत्रावर मोजला होता, परिचारिकांनी आपण किती व्यायाम करतो ते प्रश्नावलीत लिहिलं होतं. आठवड्याला इतके तास चालते असं लिहिणाऱ्या दोन बायकांचा दम सारखा असेलच असं नाही. तरीही १.९१ हा आकडा मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. जो म्हणतो वजनाला काही अर्थच नाही, त्याला मी साथ देणार नाही. गुडघ्याचंच घ्या. गुडघेदुखी असलेल्या जाड वयस्कांवरच्या अभ्यासात एक किलो वजन उतरल्यावर चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी झालेला दिसला. त्या हिशेबानं माझे दोन किलोही थोडे नाहीत.

आणि उलट बाजू माझ्या घरातच आहे. धाकटा भाऊ ६१ किलोचा, कॉलेजातली पॅन्ट अजून बसते. दिवाळीत आम्ही बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलो. गेटपासून कान्हेरीपर्यंत सहा-एक किलोमीटर, शेवटचा चढ चांगला उभा. भाऊ चढाच्या अर्ध्यावर कठड्याला टेकला, चेहरा पांढरा, म्हणाला, "ताई, तू हो पुढे." मी पुढे गेले नाही. त्याच्याजवळ बसले, पाणी दिलं. तेव्हा त्यानं सांगितलं की सप्टेंबरात केलेली तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.९ आली आहे. मधुमेह. त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण "मला? मी तर बारीक आहे" हेच त्याच्या गळी उतरत नव्हतं.

आपल्याकडे हे नवीन नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक, आतून चरबी, स्नायू कमी. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची बीएमआयची रेघ २३ वर येते आणि २५ ला स्थूलता धरतात, आणि बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी म्हणतात. माझी ९२ आहे. म्हणून वहीत कंबरेचा आकडा मी वजनाच्या वर लिहिते. पोटाच्या आतली चरबी कमी होतेय का, हे टेप काट्यापेक्षा बरं सांगतो. माझी हीच तीन महिन्यांची साखर ५.९ होती, आता ५.६. भाऊ आता मंगळवार-शनिवार माझ्याबरोबर कट्ट्यावर येतो. मी त्याला धावायला लावत नाही, नुसतं भरभर चालवते.

सरावाबद्दल, जड मंडळींसाठी. एप्रिलमध्ये मी आठवड्याचं अंतर एका झटक्यात १२ वरून २० किलोमीटर केलं आणि नडगी धरली. पंधरा दिवस घरी. चूक माझी. दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायूबंध सावकाश तयार होतात, आणि आपल्याकडे ओझं जास्त असल्यामुळे ही तफावत आपल्याला जास्त भोवते. तेव्हापासून दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल, आणि आठवड्यातून दोनदा उठाबशा व पायरीवर उभं राहून टाचा उचलणं. रोजचा वेग ठरवायला घड्याळ बघत नाही, सतराचा पाढा मोठ्यानं म्हणते. सतरा नव्वे त्रेपन्नाशेपर्यंत न तुटता गेलं तर वेग बरोबर. सतरा पंचे पंच्याऐंशीलाच धाप लागली तर हळू. मांड्या घासतात त्यावर व्हॅसलीन आणि गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी. मुंबईच्या घामात सुती कपडा दहाव्या किलोमीटरला सालं काढतो. जुलैच्या पावसात हे मी रडत शिकले.

एक गोष्ट मनाला लागली ती लिहूनच टाकते. जुलैमध्ये एका धावणाऱ्यांच्या गटात गेले. तिथल्या मुख्य माणसानं मला नखशिखान्त पाहिलं आणि न विचारता चालणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. माझ्या पुढे धावणाऱ्यांत घेतलेली मुलगी बारीक होती आणि तिचा तो पहिलाच दिवस होता. हे तिनंच मला सांगितलं, बिचारी संकोचली होती. नवीन माणूस आला तर त्याला आधी विचारा, दहा मिनिटं पळवून बघा, मग गट ठरवा. डोळ्यांनी दम मोजता येत नाही. जे गट चालवतात त्यांना माझी ही हात जोडून विनंती आहे.

पुढचं. लांब धाव १६ किलोमीटरवर पोचली, २ तास १२ मिनिटं, वरळी सी फेसला दोन वेळा वळून. जानेवारीत माहीमच्या रेतीबंदरावरून सुटणारी हाफ मॅरेथॉन. सी लिंकवर वारा असेल, पण मला काळजी पेडर रोडच्या चढाची आहे, कारण तो पाय संपत आल्यावर येतो. म्हणून दर गुरुवारी पहाटे तो चढ तीन वेळा, उतरताना चालत. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा चाचणी, लक्ष्य १,८४०. बाबांना सांगितलंय. त्यांनी नाणं बाटलीच्या पिशवीतच ठेवलंय.