दारावरचा बागुआ वाचायचा कसा

यवतमाळ-अकोल्याकडच्या गावांत हल्ली नव्या स्लॅबच्या घराच्या चौकटीवर, लिंबू-मिरचीच्या शेजारी, एक आठकोनी चिनी आरसा टांगलेला दिसतो. त्यावरच्या आठ खुणांच्या आकृतीला बागुआ म्हणतात. मधे गोल काच, भोवती रेघांचे आठ गट. दुकानदार ‘नजर लागत नाही’ एवढंच सांगून तो विकतो. पण त्या रेघा वाचता येतात, आणि शिकायला एक दुपार पुरते.

रेघा दोनच प्रकारच्या. अखंड रेघ यांग, मधे तुटलेली यिन. यांग म्हणजे चांगलं आणि यिन म्हणजे वाईट, असं कोणी सांगायला लागलं तर तिथंच थांबवावं. मुळात हा भेद डोंगराच्या उन्हाच्या आणि सावलीच्या बाजूचा. डोंगर एकच असतो, ऊन सरकतं. म्हणून एखादी गोष्ट यिन की यांग हे सांगताना ‘कशापुढे’ हे आधी सांगावं लागतं. कोमट पाणी विहिरीच्या पाण्यापुढे यांग, उकळत्या पाण्यापुढे यिन.

इथं भूगोलाची एक गंमत आहे. चीनमधल्या पिवळ्या नदीच्या खोऱ्यातलं लोयांग शहर 34 उत्तर अक्षांशाच्याही वर. तिथं दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेलाच, त्यामुळे दक्षिणेचा उतार उन्हाचा हे पक्कं. विदर्भ कर्कवृत्ताच्या खाली येतो. नागपूरच्या आसपास मे अखेरीस सूर्य डोक्यावरून उत्तरेला जातो आणि जुलैच्या मध्याला परततो. तेवढे दिवस भर दुपारी धुऱ्यावरच्या बाभळीची सावली किंचित दक्षिणेला पडते. बागुआच्या दिशा ज्या आभाळाखाली ठरल्या ते आपलं आभाळ नव्हे.

आता तीन-तीन रेघांचे गट. दोन प्रकारच्या रेघा तीन मजल्यांवर मांडल्या की आठच खुणा होतात. वाचायच्या खालून वर, कारण बदल तळातून सुरू होतो असं धरलेलं आहे. तिन्ही अखंड म्हणजे छ्येन, आकाश, बाप. तिन्ही तुटक म्हणजे खुन, पृथ्वी, आई. उरलेल्या सहांसाठी एकच नियम ध्यानात ठेवा: जी रेघ एकटी, खूण तिची. एकटी यांग तळाशी असेल तर मेघगर्जना, थोरला मुलगा. मधे असेल तर पाणी, मधला. वर असेल तर पर्वत, धाकटा. मुलींचंही तसंच. एकटी यिन तळाशी वारा, मधे अग्नी, वर सरोवर. म्हणजे दोन अखंड रेघा असलेल्या खुणा मुलींच्या आणि दोन तुटक असलेल्या मुलांच्या. नवशिके बहुमत मोजतात आणि नेमके इथंच फसतात.

आरशावर तळाची रेघ काचेकडे असते, बाहेरच्या कडेला नव्हे. उलटं वाचलं तर आकाश, पृथ्वी, पाणी, अग्नी या चार खुणा तशाच राहतात, कारण त्या दोन्हीकडून सारख्या दिसतात. पण गर्जनेचा पर्वत होतो आणि वाऱ्याचं सरोवर. चार बरोबर आल्यामुळे बाकीच्या चार चुकल्या हे लक्षातच येत नाही. (दक्षिण कोरियाच्या झेंड्यावर नेमक्या त्याच चार दुतोंडी खुणा आहेत.)

मांडण्या दोन आहेत. तीन अखंड रेघांच्या बरोबर समोर तीन तुटक दिसल्या तर ती फूशी या पुराणकथेतल्या चिनी राजाच्या नावाची मांडणी. तिच्यात प्रत्येक खुणेसमोर तिची पूर्ण उलट खूण येते. दाराबाहेरच्या आरशावर हीच वापरायचा रिवाज आहे, आकाश वर ठेवून. आकाशासमोर वारा आला तर ती राजा वन या प्राचीन चिनी राजाच्या नावाची मांडणी, घरातल्या दिशा पाहण्याची. तिच्यात अग्नी दक्षिणेला, पाणी उत्तरेला, गर्जना पूर्वेला, सरोवर पश्चिमेला. चिनी आकृतीत दक्षिण वर आणि पूर्व डाव्या हाताला असते. आपण शाळेच्या नकाशासारखा कागद धरला की अग्नी थेट उत्तरेत जातो.

त्याहून मोठा घोळ वास्तूशी सांगड घालताना होतो. आपल्याकडे चूल आग्नेयेला, पाणी ईशान्येला. राजा वनच्या मांडणीत आग्नेयेला वारा आहे आणि ईशान्येला चक्क पर्वत. वायव्येला आपण वायू म्हणतो, तिथं आकाश बसलंय. दोन्हींचा मेळ घालून देतो म्हणणाऱ्याने यातलं एक तरी वाचलेलं नसतं. एक काहीतरी धरा, आणि बोअर कुठं मारायचा हे मात्र भूजलवाल्याला विचारा.

दोन खुणा एकावर एक ठेवल्या की सहा रेघांची आकृती होते. 8 गुणिले 8, अशा 64. ‘यी चिंग’ या कौल लावायच्या प्राचीन चिनी ग्रंथाचा सगळा विचार यांवरच उभा आहे. त्यातली अकरावी पाहा: पृथ्वी वर, आकाश खाली. पाहताक्षणी सगळं उलटंपालटं वाटतं, पण ही आकृती सुखशांतीची मानतात. यांगची ओढ वर, यिनची खाली, म्हणून दोघं एकमेकांकडे येतात. बारावीत आकाश आकाशाच्या जागी आणि पृथ्वी पृथ्वीच्या, म्हणून दोघं दूर सरकतात आणि सगळं ठप्प. पोथीतली ही सगळ्यात धारदार जोडी.

कौल लावताना आकृती काढायला तीन सारखी नाणी पुरतात. छाप 3, काटा 2 धरा. सुरुवातीला ठरवलेलं मधेच बदलू नका. तिन्ही एकदम टाकून बेरीज करा. 7 आली तर यांग, 8 आली तर यिन. 9 म्हणजे पिकलेली यांग आणि 6 म्हणजे पिकलेली यिन. या दोन्ही उलटतात. सहा वेळा टाका आणि पहिली रेघ तळाशी लिहा. मग उलटणाऱ्या रेघा बदलून दुसरी आकृती शेजारी काढा. तीच विसरली तर बदल कुठं चाललाय हे कळतच नाही.

जुनी रीत 50 काड्यांची. एक बाजूला ठेवून 49 वर चार-चार मोजणी करायची. तिला वेळ फार लागतो आणि तिचा हिशेबही वेगळा. नाण्यांत 6 आणि 9 दोन्ही आठात एकदा येतात; काड्यांत सोळात 9 तीनदा आणि 6 एकदाच. म्हणजे काड्यांच्या रीतीत यिन यांगइतकी सहज हलत नाही. नाणी वापरून काड्यांच्या काळचं भाष्य वाचणाऱ्याने हा फरक धरूनच वाचावं.