वांग्याच्या मुळांवर गावठी टोमॅटो: दोन झाडं गेली, सहा उभी आहेत

आज २४ सप्टेंबर. सकाळी गच्चीवरून सव्वा किलो टोमॅटो उतरवले. सगळे गावठी, चपटे, कडेला खाचा असलेले, आणि सगळे कलमी झाडांचे. बेळगावच्या पावसात गच्चीवर गावठी टोमॅटो मला चार वर्षांत एकदाही साधला नव्हता, म्हणून हे आधी सांगितलं. पण आजची नोंद खरं तर ९ ऑगस्टची आहे. त्या दिवशी मी सगळा प्रयोग गुंडाळायला निघाले होते.

मागचं थोडक्यात. माझ्याकडची जिवाणूजन्य मर, म्हणजे हिरवंगार झाड अचानक माना टाकून मरतं तो रोग, ही मातीतूनच आलेली आहे. नात्यातल्या एका शेतातून तीन वर्षांपूर्वी पोतीभर माती आणली, त्या शेतात आधीच्या हंगामात बटाटा होता. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा, आलं या सगळ्यांना हाच जिवाणू धरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. ती माती घरात आली तेव्हापासून पावसाळ्यात माझं गावठी टोमॅटोचं एक झाड जगलं नव्हतं.

'अर्का रक्षक लाव आणि मोकळी हो' असं तुमच्यातल्या तिघांनी मला सांगितलं. लावलं होतं. बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या फलोत्पादन संशोधन संस्थेचं ते टोमॅटोचं वाण खरंच दणकट आहे. मर, पानं मुरडणारा विषाणू आणि लवकर येणारा करपा, तिन्हीला तोंड देतं, आणि फळ टणक, टिकाऊ येतं. बाजारात न्यायचं असेल तर मी डोळे झाकून तेच सांगेन. पण सार करायला ते फळ मला चालत नाही. आमच्या खानापूरच्या घरी सासूबाईंनी वर्षानुवर्षं राखेत घोळवून ठेवलेलं जे बी आहे, त्याच्या टोमॅटोचा आंबटपणा वेगळा आहे. चिंच न घालता सार होतं. हे बी माझ्या हातून संपू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

म्हणून कलम. खाली मरीला दाद न देणाऱ्या अर्का केशव वांग्याची मुळं, वर गावठी टोमॅटोचा शेंडा. कल्पना माझी नाही. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रानं उष्ण, पाणथळ हंगामासाठी हीच युक्ती शेतकऱ्यांना शिकवली, त्यांचं वांग्याचं खुंट (कलमाचा खालचा, मुळांचा भाग) ईजी २०३ नावानं ओळखलं जातं. वांग्याची मुळं साचलेल्या पाण्यातही काही दिवस तग धरतात, टोमॅटोची लगेच गुदमरतात. पुष्याच्या पावसात पिशव्यांची काय गत होते ते बघता मला हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोठा वाटला.

मे महिन्याची पहिली खेप फसली ते मागच्या नोंदीत लिहिलं होतं, बारातली तीन जगली. चूक आता नेमकी कळली आहे. थर्माकोलच्या खोक्यात (मासळी बाजारातून आणलेलं, दोनदा सोड्यानं धुतलेलं) रोपं बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी पानं मलूल दिसली आणि मी घाबरून झाकण उघडून वरून पाणी फवारलं. ते पाणी जोडात उतरलं आणि जोड कुजले. दुसऱ्या खेपेला खोक्याच्या तळाशी ओलं गोणपाट घातलं, भिंतींवर पाणी मारलं, रोपांवर एक थेंब नाही. तीन दिवस जिन्याखाली पूर्ण अंधारात ठेवलं आणि झाकणाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी मंद उजेड, मग रोज झाकण थोडं थोडं जास्त उघडं. वीस कलमांपैकी चौदा लागली. नवव्या दिवशी चौदा शेंडे ताठ उभे बघितले तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना जिन्याखाली बोलावून दाखवले.

दोन गोष्टी नव्यानं करणाऱ्यांसाठी. वांगं टोमॅटोच्या आधी आठ-दहा दिवस पेरा, नाहीतर खोडांची जाडी जुळत नाही. मी दोन्ही पेन्सिलीतल्या शिशाएवढी झाल्यावर कापली. आणि जोड धरून ठेवणाऱ्या क्लिपा घेताना जपून. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर एकच माप छापलं होतं, आत तीन मापांच्या निघाल्या. सैल क्लिपेत जोड हलतो आणि आपल्याला वाटतं हात चुकला. ब्लेड मात्र साधं दाढीचं, अर्धं मोडून, दर दोन कापांनंतर स्पिरिटनं पुसलेलं. याहून महाग सुरीची गरज मला वाटली नाही.

आर्द्रा लागता लागता, २० जूनला, लावणी केली. तीन कलमं खानापूरला, तीन ताईकडे अथणीला, आठ माझ्याकडे. शेजारी चार रोपं बिनकलमी, स्वतःच्या मुळांवर. बाराही पिशव्यांत तीच रोगट माती, मुद्दाम. २२० जीएसएमच्या एचडीपीई (जाड प्लॅस्टिकच्या) पिशव्या घेतल्यात, तिसरं वर्ष आहे, एक शिवण उसवलेली नाही. पातळ काळ्या पिशव्यांवर पुन्हा पैसे घालणार नाही.

बिनकलमी चारही झाडं २२ जुलैपर्यंत गेली. वाईट वाटलं, पण तेच अपेक्षित होतं. गच्चीच्या उताराला लावलेली होती आणि वरून खाली, पाणी वाहतं त्याच क्रमानं गेली. निचऱ्याच्या पाण्याबरोबर जिवाणू एका पिशवीतून दुसरीत जातो, ते डोळ्यांनी दिसलं. त्याच संध्याकाळी उरलेल्या आठ पिशव्या विटांवर चढवल्या.

आणि मग ९ ऑगस्ट. दुपारी थोडी उघडीप होती. तीन नंबर आणि सहा नंबर, दोन्ही कलमी, सगळ्यांत उंच, फुलांनी भरलेली, माना टाकून उभी. पानं हिरवीगार. रात्री सावरली. दहा तारखेला पुन्हा पडली ती उठलीच नाहीत. तुम्हाला माहीत आहे हे कशाचं लक्षण असतं.

तीन नंबरचं खोड कापलं. जोडाच्या वरचा दोन बोटं तुकडा घेतला, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी, त्यात टोक बुडवून न हलवता धरला. दोन मिनिटांत दुधाळ धागा, म्हणजे खोडातल्या जिवाणूंचा स्राव, खाली उतरायला लागला. मर, शंकाच नाही. मला रडू आलं. पाच महिने वांग्याच्या मुळांवर भरवसा ठेवला होता आणि तीच फिरली असं वाटलं. बियाण्यावर शंका घेतली. अर्का केशवच्या नावाखाली दुसरंच काही आलं का, इथपर्यंत गेले.

सासूबाई त्या वेळी बेळगावात होत्या. त्या सहा नंबरच्या पिशवीशी उकिडव्या बसल्या आणि हातानं माती उकरायला लागल्या. म्हणाल्या, "अगं, हे जोडाचं तू सांगतीस, ते कुठं आहे? मला दिसेना."

जोड मातीखाली होता.

वीस जुलैच्या सुमाराला वाऱ्यानं झाडं कलंडत होती, म्हणून मी खोडाशी माती-खत चढवून भर दिली होती. टोमॅटोला भर द्यायची ही लहानपणापासूनची सवय, खोडाला वरून मुळं फुटतात आणि झाड जोमात येतं. नेमकं तेच झालं. जोडाच्या वर, टोमॅटोच्या खोडाला बोटभर लांब पांढरी मुळं फुटून रोगट मातीत उतरली होती. वांग्याच्या मुळांनी दार लावून ठेवलं होतं आणि मी शेजारी दुसरं दार काढून दिलं.

मग वांग्याकडचा तुकडाही ग्लासात धरला. पाणी जवळजवळ नितळ राहिलं. यावरून वांग्यात जिवाणू अजिबात नव्हता असं म्हणता येत नाही. मरीला दाद न देणाऱ्या खुंटातही तो शिरतो, फक्त तिथं त्याला वर चढून खोड तुंबवता येत नाही. तरी माझ्या मनातली वांग्याबद्दलची शंका तिथंच गेली.

भर चारच पिशव्यांना दिली होती, कारण गांडूळखत तेवढंच उरलं होतं. दोन, तीन, पाच, सहा. दोन आणि पाच नंबरलाही वरून मुळं फुटलेली निघाली, पण ती अजून कोवळी होती. त्याच दिवशी माती खाली ओढली, मुळं ब्लेडनं खोडालगत काढली, जोड चार बोटं उघडा केला आणि झाडं काठीला बांधली. पंधरा दिवस रोज सकाळी आधी त्या दोघांकडे जात होते. दोन्ही वाचली. गेलेल्या दोघांची माती पोत्यात बांधून वेगळी ठेवली आहे. एप्रिलमध्ये ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली उन्हात तापवणार, आणि पुढं त्यात फक्त मका आणि घेवडा.

तेव्हा जोड मातीच्या वर, कायम, शेवटपर्यंत. पालापाचोळ्याचं आच्छादनसुद्धा जोडाला टेकू देऊ नका. मी आता प्रत्येक जोडाखाली लाल दोरा बांधलाय. दोरा दिसला नाही की हात थांबतो.

एकानं विचारलं होतं, खुंट म्हणून धोत्रा का नको, तो तर कुठंही उगवतो. कृपा करून नको. धोत्र्याच्या मुळांत तयार होणारं विष टोमॅटोच्या फळात उतरतं, त्यानं माणसांना विषबाधा झालेली आहे. वांग्याचं तसं नाही. सासूबाईंनाही आधी वाटलं होतं, "खाली वांगं नि वर टमाटं, फळाला वांग्याचा वास येणार की गं." पाच सप्टेंबरला पहिल्या आठ फळांचं सार केलं. त्यांनी वाटी तोंडाला लावली, काही बोलल्या नाहीत, दुसऱ्यांदा घेतलं.

आता बाकीच्या दोन ठिकाणांचं. खानापूरच्या तीन झाडांना मरीनं हात लावला नाही, पण तिथल्या पावसात करप्यानं पानं खाल्ली. एक झाड गेलं. मुळं बदलून पानांचं रक्षण होत नाही, हे लक्षात ठेवायला हवं होतं. पुढच्या वर्षी उघडीप मिळाली की एक टक्का बोर्डो, म्हणजे १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना, आणि वर प्लॅस्टिकचं छप्पर. छप्पर जास्त महत्त्वाचं. तिथून येताना मातीच्या चार कुंड्या आणल्या. खानापूरच्या कुंभारांचं काम, भाजणी एकसारखी. पावसाळ्यात यांच्यासारखं भांडं नाही, जास्तीचं पाणी अंगातून सोडतात. उन्हाळ्यात मात्र दोन वेळा पाणी.

अथणीची गोष्ट उलट. काळी जमीन, पाऊस बेताचा, ताईच्या परसात मरीचं नाव नाही. तिथं पांढरी माशी, पानं मुरडणारा विषाणू पसरवणारी. तिघांपैकी दोन झाडांची पानं मुरडली आणि ती खुजी राहिली. माशी पानावर बसते, खाली मुळं कुणाची आहेत याच्याशी तिला देणंघेणं नाही. ताईला आता कलमं पाठवणार नाही, रोपांसाठी बारीक जाळी पाठवणार. तिचा उन्हाळाही टोमॅटोला जड जातो. रात्रीच गार होत नाही, फूल येतं आणि गळतं. आपण बेळगावात साडेसातशे मीटरवर आहोत, मेमध्येही रात्री थोड्या उतरतात, फळ धरतं. एकाच जिल्ह्यात एकाच बियाची अशी तीन नशिबं बघायला मिळाली.

बाकी गच्चीवर: अंबाडी माजली आहे, दर चार दिवसांनी खुडते. काकडी आश्लेषातच भुरीनं गेली. नवलकोलचं बी काल ट्रेमध्ये टाकलं.

हिवाळ्यासाठी पुन्हा कलमं करायची असं हे लिहायला बसताना ठरवलं होतं. लिहिता लिहिता विचार बदलला. माती गार झाली की हा जिवाणू मंदावतो, तेव्हा थंडीतला टोमॅटो नव्या मातीत, खानापूरच्या कुंड्यांत, स्वतःच्या मुळांवरच लावते. कलमाची मेहनत उन्हाळी आणि पावसाळी लावणीसाठी राखून ठेवते.

आणि आणखी एक. शेजारच्या अक्का परवा कलमं बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, त्यांच्या माहेरी रस्त्याकडेला सुंडेकाई माजते, काटेरी, वांग्याच्या कुळातली, वाटाण्याएवढ्या फळांचे घोस, तिला काही म्हणजे काही होत नाही. हेच ते रानवांगं, जे खुंट म्हणून जगभर वापरतात. त्याचं बी उगवायला फार चिवट म्हणून मी आजवर नाद केला नव्हता. पण बी कशाला हवं? फांदीचे तुकडे मुळं धरत असतील तर तयार खुंट मिळतं. अक्कांनी काल पाच काड्या आणून दिल्या. पेन्सिलीएवढ्या जाड आहेत, त्यामुळे तिरका जोड जमणार नाही, पाचर कलम करावं लागेल. खालची पानं काढून ओल्या वाळूत खोचल्या आहेत, जिन्याखाली, त्याच थर्माकोलच्या खोक्यात. कुणी रानवांग्याच्या काड्या लावल्या असतील तर किती दिवसांत मुळं फुटली ते मला सांगा.