शेटानीचा काळा दगड

त्सावो वेस्ट राष्ट्रीय उद्यान, केनिया
गुरुवार, रात्रीचे साडेनऊ

सकाळी च्युलू गेटपासून थोडंच अंतर गेलो असू, तर रस्त्याकडेची जमीन एकदम काळी. आधी वाटलं, वणवा लागून गेला असेल. ड्रायव्हरने गाडी उभी केली आणि एवढंच म्हणाला, "शेटानी." स्वाहिलीत शेटानी म्हणजे सैतान. आपला शब्द आणि त्यांचा शब्द, दोन्ही अरबीतून आलेले. साधारण २०० वर्षांपूर्वी इथे जमिनीतून लाव्हा निघाला आणि ८ किलोमीटरपर्यंत पसरला. ज्यांनी तो डोळ्यांनी पाहिला, त्यांना दुसरं कुठलं नाव सुचणार?

आई चालायला लागली. पायाखाली खापरं मोडावीत तसा आवाज. वाकून तिने एक दगड उचलला. "अगं, केवढा हलका आहे! अनारशासारखी जाळी पडलीय बघ." वाईच्या आमच्या घराचं जोतं काळ्या दगडाचं, पाटा-वरवंटाही त्याचाच. सह्याद्रीचा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हाच, फक्त साडेसहा कोटी वर्षं जुना. हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण आपल्या उंबऱ्याचा दगड एके काळी वाहत होता, हे आज त्या खडबडीत कडांवर हात फिरवला तेव्हा पटलं.

दगडावर करडे पापुद्रे धरले होते. "दगडफूल!" आई लगेच म्हणाली. मसाल्यातलंच नसेल, पण जातकुळी तीच. नव्या लाव्हावर आधी असलंच काही रुजतं, माती नंतर. आईने दगड होता तिथेच अलगद ठेवला. इथलं काही न्यायचं नाही.

दुपारी म्झिमाचे झरे. सोबत बंदूकधारी रेंजर होता, कारण काठावर मगरी. च्युलू टेकड्यांवर पडलेला पाऊस तिथल्या सच्छिद्र लाव्हात मुरतो, जमिनीखालून चालत येतो आणि कित्येक किलोमीटरवर इथे वर येतो. रोज २० कोटी लिटरांहून जास्त! त्यातलं काही नळाने थेट मोंबासा शहराला जातं. आमचा कातळ पावसाळ्यात सगळं पाणी वरच्यावर वाहून जाऊ देतो आणि मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसतो. आई त्या पाण्याकडे बघत किती वेळ गप्प उभी होती.

पाण्याखाली काचेची एक खोली बांधलेली आहे. काचेपलीकडे माशांची झुंबड. पाणघोडे रात्री बाहेर गवत चरतात, दिवसा पाण्यात शेण टाकतात आणि त्यावर ही सगळी पाण्यातली दुनिया जगते. पाणघोडा मात्र लांबच राहिला, नुसते कान आणि नाकपुड्या.

आता लॉजसमोरच्या पाणवठ्यावर हत्ती आलेत. इथल्या लाल मातीत लोळून विटेसारखे लाल झालेले. एक पिल्लू आईच्या पोटाखाली शिरून पाणी पितंय. आई शाल गुंडाळून कठड्याशी बसलीय. मघापासून दोनदा हाक मारली, हातानेच म्हणाली, थांब.