तुम्ही विचारलंत म्हणून : हे घड्याळ ओरिजिनल आहे का?

घड्याळांचा नाद असलेला माणूस भेटला की त्याची नजर माझ्या मनगटावरच्या एचएमटी कंपनीच्या 'जनता' घड्याळावर जाते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "ओरिजिनल आहे का?" आजवर मी "वडिलांचे आहे" एवढेच सांगत आलो. ते खरे आहे, पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, हे मलाही कळते.

जनता मला आजही देखणे वाटते. सुमारे 35 मिलिमीटरची केस, म्हणजे बाहेरचे कवच, शर्टाच्या बाहीखाली सहज जाते, तारखेची खिडकी नाही, काटे सडपातळ आहेत, आणि एका दृष्टिक्षेपात वेळ कळते. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरमध्ये सुरू झालेल्या एचएमटीच्या घड्याळ कारखान्याने परवडणारी वस्तूही नेटकी असू शकते हे दाखवून दिले. 2016 च्या जानेवारीत सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तुमचा संशय कुठून येतो तेही मला ठाऊक आहे : जुन्या घड्याळांचे सुटे भाग जुळवून, तबकड्या नव्याने रंगवून विकण्याचा धंदा जोरात आहे.

माझ्या घड्याळाची तबकडी रंगवलेली आहे. ती मीच रंगवून घेतली.

वडील गेल्यानंतर दोन वर्षांनी, 2011 मध्ये, पुतणीचे लग्न ठरले आणि मी हे घड्याळ कपाटातून बाहेर काढले. सातच्या आकड्याजवळ तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी डाग होता. साताऱ्याच्या एका पावसाळ्यात काचेच्या कडेने पाणी आत गेले होते, त्याची ती खूण. दुकानदाराने विचारले, "डायल नवी करून देऊ?" मी हो म्हणालो. डाग मला गबाळा वाटत होता, आणि वडिलांचे घड्याळ चारचौघांत चांगले दिसावे असे मनापासून वाटत होते. चार दिवसांनी पांढरीशुभ्र, झगझगीत तबकडी हातात आली. 'जनता' ही अक्षरे जरा जाड झाली होती आणि भिंगातून पाहिले तर मिनिटांच्या रेघा एका ओळीत नव्हत्या. जुनी तबकडी परत द्या म्हणालो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, हीच ती. घासून रंगवली." घरी आईने घड्याळ हातात घेतले, काचेवरून अंगठा फिरवला आणि विचारले, "हे कुणाचं?"

त्या दुकानदाराला मी वर्षानुवर्षे मनातल्या मनात बोल लावत राहिलो. पण त्याने विचारून काम केले होते. रंगवणे म्हणजे जुने खरवडून काढणे, हे विचारण्याची तसदी मीच घेतली नाही.

तरीही "मग हे नकली" असे कोणी म्हटले की मी चिडतो. मशीन तेच आहे : 17 ज्वेलचे, म्हणजे घर्षण कमी करणारे 17 छोटे खडे असलेले, सेकंदाला पाच ठोके देणारे. मागच्या झाकणावरचे ओरखडे वडिलांच्या टेबलाचे आहेत. बॅलन्सचा, म्हणजे आत मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा, आस बदलला म्हणून कोणी घड्याळ नाकारत नाही, मग रंगालाच एवढे महत्त्व का? असा वाद मी घालतो खरा. पण इतरांना मात्र तबकडीला हात लावू देऊ नका, फक्त साफसफाई आणि तेलपाणी करून घ्या, असे बजावून सांगतो. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

गेल्या वर्षी एका घड्याळजींनी भंगारातल्या जनताची अस्सल, किंचित पिवळसर तबकडी मला काढून दिली. तिच्यावर डाग नाही, रेघा सरळ आहेत. ती बसवली तर तुमच्या कसोटीला माझे घड्याळ उतरेल. ती बटरपेपरमध्ये गुंडाळून खणात ठेवली आहे. दोनदा दुकानापर्यंत घेऊन गेलो आणि दोन्ही वेळा तशीच परत आणली. ती अस्सल आहे, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी घड्याळाची आहे.